मूलची वाडी ते मराठीचा कोश : एका दुर्मीळ इंग्रजी आडनावाचा प्रवास

एम.ए.च्या वर्गात शब्दार्थाचा काही प्रश्न निघाला की आम्ही सवयीने सांगतो, "मोल्सवर्थमध्ये पाहा." काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाच्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मोल्सवर्थ म्हणजे काय?" तिला कोशकाराची माहिती नको होती. अमरकोश किंवा शब्दरत्नाकर हे जसे ग्रंथाचे नाव असते, तसेच ‘मोल्सवर्थ’ हेही ग्रंथाचे नाव असावे, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. वर्गात थोडे हसू झाले. नंतर अध्यापक-कक्षात बसल्यावर मात्र जाणवले की हसण्यासारखे त्यात काही नव्हते. मराठीत हे खरोखरच ग्रंथाचे नाव झाले आहे. ते मुळात एका माणसाचे आडनाव होते आणि त्याही आधी एका गावाचे नाव होते, ही गोष्ट आपणही रोजच्या वापरात विसरलेलो असतो. म्हणून हे आडनाव आले कुठून, ते कुठे कुठे पसरले आणि त्याबरोबर काय काय वाहत गेले, याचा मागोवा घ्यायचे आम्ही ठरवले. शोध कोशाच्या प्रस्तावनेपासून सुरू झाला आणि इंग्लंडमधील एका लहानशा खेड्यात जाऊन पोचला.

मराठी कानाला हा शब्द मोठा फसवा वाटतो. ‘मोल’ म्हणजे किंमत आणि ‘वर्थ’ म्हणजेही किंमत! शब्दांचे मोल ठरवणाऱ्या माणसाला असे दुहेरी मोलाचे आडनाव लाभावे, हा योगायोग कुणालाही मोहात पाडील. पण लोकव्युत्पत्तीचा सापळा तो हाच. या आडनावातील ‘वर्थ’चा किमतीशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत कुंपण घातलेल्या वस्तीला, घर-अंगणासकट बंदिस्त केलेल्या जागेला याच उच्चाराच्या जवळपासचा एक वेगळा शब्द होता. इंग्लंडमधील असंख्य ग्रामनामांच्या शेवटी तो आढळतो. आपल्याकडे ‘वाडी’ जे काम करते, जवळजवळ तेच तिकडे ‘वर्थ’ करतो. पहिला अर्धा भाग ‘मूल’ या जुन्या इंग्रजी व्यक्तिनामापासून आला. त्या शब्दाचा अर्थ खेचर. संस्कृत ‘मूल’शी त्याचे नाते जोडण्याचा मोहही टाळलेला बरा. थोडक्यात, मोल्सवर्थ म्हणजे ‘मूलची वाडी’. इंग्रजीच्या अध्यापकांना याच जातीचे दुसरे उदाहरण सांगायला हवे. वर्ड्सवर्थ या कवीच्या आडनावात शब्दही नाहीत आणि त्यांची किंमतही नाही. ते यॉर्कशरमधील वॉड्सवर्थ या गावावरून आले आहे.

मोल्सवर्थ हे गाव जुन्या हंटिंग्डनशर परगण्यात, नॉर्थहॅम्प्टनशरच्या सीमेलगत आहे. १९७४ पासून हा सारा भाग केंब्रिजशरमध्ये मोडतो. विल्यम विजेत्याने १०८६ साली करवलेल्या ‘डूम्सडे’ पाहणीत गावाची नोंद आहे. म्हणजे आडनावाला अजून वंशपरंपरा लाभलेली नव्हती, त्या काळी गाव होते. इंग्लंडमध्ये आडनावांची प्रथा नॉर्मन सरदारांबरोबर रुजू लागली. वरून खाली झिरपत ती सामान्य कुळांपर्यंत पोचायला आणि एका पिढीकडून दुसरीकडे तेच आडनाव जायला सुमारे तीन शतके लागली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस देशाच्या बहुतेक भागांत आडनावे स्थिरावली होती. त्यांचे चार ठळक वर्ग सांगितले जातात: व्यवसायावरून आलेली, बापाच्या नावावरून आलेली, टोपणनावावरून आलेली आणि स्थळावरून आलेली. मोल्सवर्थ हे या चौथ्या वर्गातले.

स्थलवाचक आडनावाचे मर्म मराठी माणसाला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. आपल्याकडचे ‘कर’ हे लहानसे अक्षरयुगुल तेच सांगते. सगळेच कोल्हापूरचे असतात अशा कोल्हापुरात ‘कोल्हापूरकर’ या नावाने कुणाची ओळख पटणार नाही. ती पटते पुण्यात किंवा इंदुरात. गावाचे नाव माणसाला चिकटते ते बहुधा तो गाव सोडतो तेव्हा. अपवाद आहेत. गावच ज्याच्या मालकीचे, त्याला गावात राहूनही गावाचे नाव मिळते. कोकण-गोव्यात अशी कुळे आहेत आणि मध्ययुगीन इंग्लंडमध्येही होती. मोल्सवर्थ घराण्याच्या वंशावळी राजपुत्र एडवर्डबरोबर १२७० च्या धर्मयुद्धात गेलेल्या एका सर वॉल्टर द मोल्सवर्थपासून आरंभ करतात. सरदारी वंशावळींना शूर पूर्वज आवडतो, एवढे ध्यानात ठेवून ही परंपरा वाचावी. पण एकंदरीत पाहता, स्थलवाचक आडनाव ही निघून गेलेल्या माणसाने बरोबर नेलेली खूण असते. अशा आडनावाचा नकाशा काढायचा म्हणजे लोक कुठून, केव्हा आणि कशासाठी निघाले याचा नकाशा काढायचा.

या नकाशाची साधने कोणती? १५३८ मध्ये टॉमस क्रॉमवेलच्या हुकमाने इंग्लंडच्या पॅरिशांमध्ये बाप्तिस्मे, विवाह आणि दफने नोंदवायला सुरुवात झाली. १८३७ पासून इंग्लंड-वेल्समध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी आली. १८८१ च्या जनगणनेची पाने पुढे संगणकावर चढली आणि कोणते आडनाव कोणत्या परगण्यात दाट होते हे पाहणे सोपे झाले. त्याआधी, १८९० साली, हेन्री ब्रॉहॅम गपी या निसर्गशास्त्रज्ञाने आडनावांच्या मूळ वसतिस्थानांवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याने एक मार्मिक युक्ती केली. व्यापारी निर्देशिकांतील फक्त शेतकऱ्यांची नावे त्याने मोजली. शेतकरी जमिनीला बांधलेला असतो, तो हलत नाही, म्हणून त्याच्या आडनावावरून त्या नावाचे मूळ ठिकाण सापडेल, असा त्याचा तर्क होता. तर्क चांगला होता. पण ठराविक प्रमाणाहून कमी आढळणारी नावे त्याच्या मोजणीतून गळाली. दुर्मीळ आडनावांचा इतिहास नेमका अशा गाळणीतून सांडतो.

आडनाव दुर्मीळ का होते, यालाही एक उत्तर आहे आणि ते गणिती आहे. नामांकित घराणी नामशेष होताना पाहून फ्रान्सिस गॉल्टनने १८७३ साली हा प्रश्न जाहीरपणे विचारला. हेन्री विल्यम वॉटसन या धर्मोपदेशक गणितज्ञाने त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला. आडनाव फक्त मुलग्यांकडून पुढे जात असेल, तर युद्ध, रोगराई वा दुष्काळ यांपैकी काहीही न होता, निव्वळ योगायोगानेही अनेक नावे पिढ्यापिढ्यांत लोप पावतात. एखाद्याला मुलीच झाल्या, एखादा अविवाहित राहिला, की नाव संपले. माणसे संपत नाहीत, फक्त नाव संपते. वंश आणि आडनाव या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच कुठे दिसते. अर्थात दुर्मीळ नावाची दुसरी बाजूही आहे. २००० नंतर ब्रिटनमध्ये पुरुषांच्या वाय गुणसूत्राचा आणि आडनावांचा मेळ घालून जे अभ्यास झाले, त्यांत असे दिसले की ‘स्मिथ’सारख्या सार्वत्रिक आडनावाचे लोक एकमेकांचे कुणी नसतात. आडनाव जितके विरळ, तितकी समान पूर्वज असण्याची शक्यता मात्र वाढते.

तरीही सावधगिरी हवीच. चेशर परगण्यात मोल्ड्सवर्थ नावाचे एक निराळे गाव आहे. एका व्यंजनाचा फरक जुन्या कारकुनाच्या लेखणीत सहज पुसला जाऊ शकतो. म्हणून इंग्लंडच्या वायव्येत एखादा मोल्सवर्थ भेटला, तर तो हंटिंग्डनशरहून आला की शेजारच्या चेशरहून, हे आडनावावरून ठरवता येत नाही. कागदच पाहावे लागतात.

कागदांत ज्यांचा माग लख्ख दिसतो, त्या शाखा अर्थातच सधन आहेत. एलिझाबेथ राणीच्या काळात जॉन मोल्सवर्थ नावाचा एक अधिकारी डची ऑफ कॉर्नवॉलच्या हिशेबतपासणीच्या निमित्ताने देशाच्या पार नैर्ऋत्य टोकाला गेला आणि तिथलाच झाला. बॉडमिनजवळचे पेन्कॅरो हे या शाखेचे घर. स्थानिक हेंडर कुटुंबाशी झालेल्या सोयरिकीतून ‘हेंडर’ हे आडनाव मोल्सवर्थांच्या घरात व्यक्तिनाम म्हणून शिरले. लग्नानंतर बाईचे माहेरचे नाव पुसले जाते. इथे ते नातवंडा-पतवंडांच्या पहिल्या नावात तग धरून राहिले. या नावाचा सर हेंडर मोल्सवर्थ १६८० च्या दशकात जमैकाचा कारभार पाहत होता. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तो तिथला हस्तक होता. १६८९ मध्ये त्याला बॅरोनेट ही पदवी मिळाली. त्या बेटांवर मळेवाल्यांची आडनावे गुलामांना चिकटत गेली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. आडनावाच्या नकाशावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे खुशीने केलेला प्रवास नव्हे, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

दुसरी शाखा आयर्लंडमध्ये गेली. क्रॉमवेलच्या काळात रॉबर्ट मोल्सवर्थ नावाचा व्यापारी डब्लिनमध्ये स्थिरावला. त्याचा त्याच नावाचा मुलगा डेन्मार्कला इंग्लंडचा वकील म्हणून गेला आणि परत येऊन १६९४ मध्ये त्याने तिथल्या अनियंत्रित राजसत्तेवर टीका करणारे पुस्तक लिहिले. १७१६ मध्ये तो व्हायकाउंट झाला. जोनाथन स्विफ्टने ‘ड्रेपियर’ या टोपणनावाने आयर्लंडच्या नाण्यांसंबंधी जी प्रसिद्ध पत्रे लिहिली, त्यांतले एक पत्र त्याला उद्देशून आहे. याच्या वंशातला एक धर्मोपदेशक १८४० च्या सुमारास लँकेशरमधील रॉचडेल या गिरणगावात मुख्य पाद्री म्हणून आला. चर्चच्या करावरून त्याचे आणि जॉन ब्राइटचे जाहीर भांडण गाजले. म्हणजे चेशरच्या शेजारच्या परगण्यातला हा मोल्सवर्थ डब्लिनच्या घराण्यातला होता. वर सांगितलेल्या सावधगिरीचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

या सगळ्या हालचालीत एक क्रम दिसतो. सरकारी हिशेब, वसाहतीचा कारभार, व्यापार, जिंकलेली जमीन आणि धर्मपीठ, या पाच वाटांनी हे विरळ नाव पसरले. सत्तेचे रस्ते जिथे गेले, तिथे ते गेले. आणि मग एक गंमत झाली. गावावरून आलेले आडनाव पुन्हा जागांना मिळू लागले. डब्लिनमधील मोल्सवर्थ स्ट्रीट थेट लेन्स्टर हाउससमोर येऊन थांबतो. तिथे आज आयर्लंडची संसद भरते. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडच्या वेलिंग्टन शहरातही मोल्सवर्थ स्ट्रीट आहे आणि त्या देशाची संसदही त्याच रस्त्यावर आहे. हा दुसरा रस्ता पेन्कॅरोच्या आठव्या बॅरोनेटच्या, सर विल्यम मोल्सवर्थच्या नावाचा. वसाहतींना स्वराज्य द्यावे म्हणून भांडणारा हा जहाल खासदार १८५५ मध्ये वसाहतमंत्री झाला आणि त्याच वर्षी वारला. त्याला मूलबाळ नव्हते. गॉल्टनच्या हिशेबात त्याचे खाते शून्यावर बंद झाले, तरी रस्त्याला नाव राहिले.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हाच सर विल्यम हॉब्जच्या समग्र ग्रंथांचा संपादक म्हणून माहीत असतो. इंग्रजी आणि लॅटिन मिळून सोळा खंड. या आडनावाचा आणि छापील पानाचा काही विशेष ऋणानुबंध असावा, असे वाटायला लावणारी उदाहरणे आणखीही आहेत. त्याच घराण्यातील कॅरोलाइन मोल्सवर्थ हिने सरेमधील कॉबहॅम इथे १८२५ ते १८५० या काळात हवामान आणि झाडाझुडपांच्या नोंदी चिकाटीने ठेवल्या आणि त्यांचा सारांश तिच्या पश्चात १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांसाठी लिहिणारी मेरी लुइझा हिला हे आडनाव लग्नाने मिळाले. १८७९ मध्ये ती नवऱ्यापासून कायदेशीररीत्या विभक्त झाली, पण पुस्तकांवर ‘मिसेस मोल्सवर्थ’ हेच नाव कायम राहिले. रॉचडेलच्या त्या पाद्र्याचा मुलगा गिल्फर्ड हा रेल्वे-अभियंता होता. सिलोनच्या रेल्वेचे काम करून तो पुढे हिंदुस्थान सरकारचा रेल्वे-सल्लागार झाला. त्याने रचलेली अभियांत्रिकी सूत्रांची खिशात मावणारी पुस्तिका इंग्रजी मुलखात इतकी चालली की तिलाही लोक नुसते ‘मोल्सवर्थ’ म्हणू लागले. आणि १९५३ मध्ये जेफ्री विलन्सने रॉनल्ड सर्लच्या चित्रांसह जो शाळकरी नायक पुस्तकात आणला, त्याचे नाव नायजेल मोल्सवर्थ. एकही शब्द धड न लिहू शकणारा हा वात्रट पोरगा इंग्रज वाचकांचा लाडका आहे. इंग्लंडमध्ये मोल्सवर्थ म्हणताच चुकीचे शुद्धलेखन आठवते आणि महाराष्ट्रात अचूक शब्दार्थ. एकाच आडनावाची दोन देशांत अशी परस्परविरुद्ध कीर्ती व्हावी!

आता आपल्या मोल्सवर्थकडे येऊ. जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ चा. कोवळ्या वयात ते कंपनी सरकारच्या मुंबईच्या फौजेत दाखल झाले. मराठी शिकले आणि जॉर्ज व टॉमस कँडी या जुळ्या भावांच्या साहाय्याने त्यांनी केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. सैनिकी पेशा ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, या विचाराने त्यांनी पुढे फौजेचा राजीनामा दिला. दुसऱ्या आवृत्तीसाठी त्यांना पुन्हा हिंदुस्थानात बोलावून घेण्यात आले आणि १८५७ मध्ये सुमारे ६०,००० शब्दांची ती आवृत्ती प्रसिद्ध झाली. १८७१ मध्ये ते इंग्लंडमध्ये निवर्तले. बाबा पदमनजी यांनी केलेली संक्षिप्त आवृत्ती, १९७५ चे पुण्यातील पुनर्मुद्रण आणि शिकागो विद्यापीठाने संगणकावर आणलेली प्रत, अशी या कोशाची वंशावळ आहे. त्यात खंड पडलेला नाही.

एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. मोल्सवर्थ गावाशेजारी दुसऱ्या महायुद्धात विमानतळ झाला. १९८० च्या दशकात तिथे अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रे ठेवण्याचे ठरले, तेव्हा शांततावादी माणसांनी तिथे तळ ठोकला आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये लष्कर आणून तो उठवण्यात आला. गावाचे नाव घेऊन हिंदुस्थानात लढायला आलेल्या एका माणसाने धर्मबुद्धीने हत्यार खाली ठेवले होते. दीडशे वर्षांनी त्याच नावाच्या गावात निःशस्त्र माणसे हत्यारांविरुद्ध बसली. यात कार्यकारण काही नाही. पण नावांच्या इतिहासात अशा गाठी पडतात आणि त्या पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही.

मात्र या लेखाचा शेवट या गाठीवर करणे आम्हाला प्रामाणिक वाटत नाही. १८२९ मध्ये, म्हणजे मोल्सवर्थच्या दोन वर्षे आधी, सरकारच्याच आश्रयाने ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ निघाला. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले आदी पंडितांनी तो सिद्ध केला होता. त्या कोशाला आपण काय म्हणतो? ‘शास्त्र्यांचा कोश’. एका कोशाला एका माणसाचे आडनाव मिळाले आणि दुसऱ्याला अनेक माणसांचा मिळून एक पेशा. ‘क्रमवंतमध्ये पाहा’ किंवा ‘घगवेमध्ये पाहा’ असे आम्ही आमच्या वर्गात कधी म्हटलेले नाही. मोल्सवर्थच्या कोशासाठी शब्द गोळा करणारे पंडित आणि ते शब्द ज्यांच्या तोंडून आले ते कुणबी, कोळी, सुतार, घरोघरच्या बायका, यांची आडनावे तर शीर्षकपृष्ठाच्या आसपासही फिरकत नाहीत. कँडी बंधूही ‘साहाय्यक’ म्हणून दुसऱ्या ओळीतच राहिले.

आडनावाचे दुर्मीळ असणे दोन प्रकारचे असते. एक योगायोगाचे, गॉल्टनच्या गणितातले. दुसरे नोंदीचे. नाव असते, माणसे असतात, पण ते लिहून ठेवायची गरज कुणाला वाटत नाही. मूलची वाडी सोडून गेलेल्या एका कुळाचे नाव जगभर राहिले, ते त्या कुळात माणसे फार होती म्हणून नव्हे. सनद, नियुक्तिपत्र, रस्त्याची पाटी, ग्रंथाचे शीर्षकपृष्ठ, अशा लिहिल्या जाणाऱ्या जागा त्याला मिळत गेल्या म्हणून. यात कोशकार मोल्सवर्थ यांचे श्रेय तसूभरही कमी होत नाही. मराठीवर त्यांचे ऋण आहे आणि ते राहील.

त्या विद्यार्थिनीला पुढच्या तासाला आम्ही हे सारे सांगितले. सांगताना ग्रंथालयातून दोन्ही कोश आणून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तिने आधी १८२९ च्या कोशाचे पहिले पान उघडले आणि त्यावरची नावे मोठ्याने वाचून दाखवली. त्या वर्गात ती नावे पहिल्यांदाच उच्चारली जात होती.